शेजारच्या बाळाला जुलाब झाले म्हणून साडेतीन महिन्यांचा रोटाचा डोस टाळावा का?

ताई, तुमच्या मुलीला रोटाच्या, म्हणजे रोटा विषाणूच्या जुलाबांविरुद्धच्या लसीच्या थेंबांचे दीड महिन्याचे आणि अडीच महिन्यांचे डोस महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मिळाले आहेत आणि साडेतीन महिन्यांचा डोस पुढच्या आठवड्यात आहे. मात्र शेजारच्या दहा महिन्यांच्या मुलाला तिन्ही डोस होऊनही गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत जुलाब आणि उलट्या झाल्या, आणि तेव्हापासून तुमच्या सासूबाई विचारत आहेत की मग या थेंबांचा उपयोग काय. त्यातच कोणी तरी तुम्हाला सांगितले की सरकारी लस निम्मेच काम करते आणि बाहेर विकत मिळणारी परदेशी लस ९८ टक्के काम करते. मी सोलापुरात एकवीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून लसीकरणाचे काम केले आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देते: तिसरा डोस ठरलेल्या दिवशी, त्याच केंद्रात, त्याच लसीचा द्या. त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल.

तुमच्या प्रश्नात एक ओळ अशी आहे की शेजारच्या मुलाला डॉक्टरांकडे नेले, पण सलाईन लावावे लागले नाही आणि तीन दिवसांत तो पुन्हा रांगायला लागला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. लहान मुलांना जुलाब करणारे जंतू अनेक आहेत; रोटा हा त्यांपैकी एक विषाणू आहे आणि लस फक्त त्याच्याविरुद्ध आहे. त्या मुलाची शौचाची तपासणी झालेली नसल्यामुळे त्याला रोटाच झाला होता की दुसरे काही, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. पण रोटा होता असे धरले, तरी ही लस 'कधीच जुलाब होणार नाहीत' यासाठी दिली जात नाही. जुलाब झालेच, तर ते मुलाला दवाखान्याच्या खाटेपर्यंत नेणार नाहीत, यासाठी ती दिली जाते.

ती खाट मी पाहिली आहे. लस येण्याआधीच्या एका जानेवारीत, पूर्व भागातील एका यंत्रमाग कामगाराची बायको आठ महिन्यांचे बाळ चादरीत गुंडाळून केंद्रात घेऊन आली. आदल्या दिवशी सकाळी ताप आणि उलट्या सुरू झाल्या, दुपारपासून पाण्यासारखे जुलाब लागले, आणि रात्रीपासून लंगोट कोरडाच होता. मी बाळाच्या पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली, तर ती वळी तशीच उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. टाळू खोल गेली होती, जीभ कोरडी होती, आणि रडताना डोळ्यांत पाणी नव्हते. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले, सलाईन लागले आणि ते वाचले. अवघ्या चोवीस तासांत एक धडधाकट बाळ त्या अवस्थेला गेले होते, आणि त्या आईने काहीही निष्काळजीपणा केलेला नव्हता. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न आणि पाणी शोषून घेणारे बारीक अंकुर असतात. रोटाचा विषाणू त्यांच्या पेशी मारतो, शिवाय त्याचेच एक प्रथिन विषासारखे काम करून आतड्यात पाणी सुटायला लावते. त्यामुळे पाणी शोषले जात नाही, उलट बाहेर पडते, आणि उलट्यांमुळे वरून भरपाई करणेही अवघड होते.

आता टक्क्यांकडे येते. आपल्या देशात तयार झालेल्या रोटाव्हॅक या लसीचा मूळ विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडला होता. त्या लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे परिसर आणि वेल्लोर येथे ६,७९९ बाळांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४,५३२ बाळांना लस आणि २,२६७ बाळांना लस नसलेले थेंब देण्यात आले, म्हणजे लस मिळालेली बाळे दुप्पट होती. तरीही रोटाच्या तीव्र आजाराचे प्रसंग लस मिळालेल्या गटात ७१ आणि न मिळालेल्या गटात ७६ निघाले. दुप्पट बाळांमध्ये जवळपास तेवढेच आजार, म्हणजे प्रत्येक बाळामागे धोका निम्म्याहून कमी झाला, हिशेबाने ५३.६ टक्के, आणि वयाच्या पहिल्या वर्षापुरते पाहिले तर ५६.४ टक्के. 'लस निम्मेच काम करते' हे वाक्य या आकड्यातून आले आहे. त्यातून कोणी असे समजू नये की प्रत्येक बाळाला अर्धवट संरक्षण मिळते. लस नसती तर ज्या शंभर बाळांना तीव्र रोटा झाला असता, त्यांपैकी सुमारे चौपन्न बाळे त्यातून सुटतात, असा त्याचा अर्थ आहे.

९८ टक्क्यांचा आकडाही खोटा नाही, पण तो इथला नाही. त्या परदेशी लसीची ती चाचणी प्रामुख्याने अमेरिका आणि फिनलंडमधील बाळांवर झाली होती. तीच लस बांगलादेश आणि व्हिएतनाममधील बाळांना दिली तेव्हा तीव्र आजाराविरुद्धचे संरक्षण ४८.३ टक्के निघाले, म्हणजे आपल्या लसीच्या आसपासच. दुसऱ्या एका परदेशी लसीचेही तेच झाले: दक्षिण आफ्रिकेत ७६.९ टक्के आणि मलावीत ४९.४ टक्के. लस एकच असते, देश बदलला की आकडा बदलतो. त्यामुळे जास्त पैसे मोजून फिनलंडचा आकडा सोलापुरात विकत मिळत नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण घरचे किराणा सामान थांबवून महागडी लस घेणारे आईवडील मी पाहिले आहेत.

असे का होते, याची कारणे अनेक आहेत: आईकडून बाळाला मिळालेली प्रतिकारद्रव्ये लसीतील विषाणूलाही अडवतात, पोलिओचे थेंब सोबत दिल्याने पहिल्या डोसचा परिणाम थोडा कमी होतो, कुपोषण आणि वारंवार होणाऱ्या संसर्गांमुळे आतड्याची अवस्था वेगळी असते. (पण म्हणून अंगावर पाजणे पुढे ढकलू नका, डोसच्या आधी-नंतर दूध थांबवल्याने फायदा होत नाही.) इथे केवळ लसच कमी पडते असेही नाही, प्रत्यक्ष आजारही शरीराला पुढच्या वेळी लढायला कमी शिकवतो. मेक्सिकोत एका अभ्यासात दोनदा रोटाचा संसर्ग झालेल्या मुलांना नंतर मध्यम किंवा तीव्र आजार झालाच नाही. वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये जन्मापासून तीन वर्षे पाहिलेल्या मुलांमध्ये मात्र तीन संसर्ग होऊनही संरक्षण ७९ टक्केच होते. ज्या ठिकाणी खुद्द आजार एवढेच शिकवतो, त्या ठिकाणी थेंबांनी ५४ टक्के मिळवून देणे ही मला मोठी गोष्ट वाटते.

सासूबाईंचा दुसरा मुद्दा स्वच्छतेचा आहे: घरात स्वच्छता पाळली तर लस कशाला? आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, बॅरलमध्ये साठवावे लागते, म्हणून पाणी उकळणे आणि हात साबणाने धुणे आवश्यक आहेच. कॉलरा, हगवण यांपासून त्याने खरेच बचाव होतो. पण रोटाचे विषाणू अगदी थोडे पोटात गेले तरी आजार होतो, आणि ते खेळण्यांवर, हातांवर, दाराच्या कडीवर टिकून राहतात. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतील स्वच्छ घरांमध्येही जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत रोटा होऊन जात असे. म्हणून एकटी स्वच्छता इथे पुरत नाही.

आपल्या राज्यात ही लस सरकारी कार्यक्रमात २०१९ मध्ये आली. देशातील पहिल्या चार राज्यांत ती २०१६ मध्येच सुरू झाली होती. नंतर नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांमध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांवर अभ्यास झाला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला: लसीची परिणामकारकता ५४ टक्के भरली, आणि जुलाबाने दाखल होणाऱ्या मुलांमध्ये रोटाचे प्रमाण ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. चाचणीतला आकडा रोजच्या लसीकरणात, आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या हातून, तसाच टिकला, याचे मला फार समाधान वाटले.

एक धोका प्रामाणिकपणे सांगायला हवा. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली रोटाची पहिली लस पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांमध्ये आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकत असे. आताच्या लसी वेगळ्या आहेत. रोटाव्हॅकबाबत भारतात मुद्दाम शोध घेतला गेला आणि असा वाढीव धोका आढळला नाही. तरी डोसनंतरच्या दिवसांत बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा शौचातून रक्ताची चिकट शेंब येत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालयात जा. हा त्रास मोठ्या बाळांमध्ये एरवीही जास्त दिसतो, आणि डोस लवकर, वेळेत पूर्ण करण्यामागे तेही एक कारण आहे.

तिसऱ्या डोसच्या दिवशी बाळाला मांडीवर जरा तिरके घ्या, सिस्टर गाल हलकेच दाबून थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडतील. किरकोळ सर्दी असली तरी डोस चुकवू नका. जोराचे जुलाब किंवा ताप असेल तर सिस्टरना आधी सांगा. मागच्या दोन डोसची लस कोणती होती हे कार्डावर नसेल तर नोंदवहीत पाहायला सांगा, कारण शक्यतो तीच लस पुढे द्यायची असते. ती शिल्लक नसेल तर मात्र त्यासाठी डोस लांबवू नये, उपलब्ध असलेली घ्यावी.

आणि घरात ओआरएसची दोन पाकिटे आजच आणून ठेवा, कारण उरलेल्या सुमारे सेहेचाळीस टक्क्यांसाठी आणि बाकीच्या सगळ्या जंतूंसाठी तेच कामी येते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचे, अर्धे-अर्धे नाही. प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध सुरूच ठेवायचे, आणि डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून झिंक १४ दिवस द्यायचे, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. लंगोट सहा तास कोरडा राहिला, बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर ओआरएस पाजत पाजतच दवाखान्याची वाट धरा, सकाळ होण्याची वाट पाहू नका.