लाल चट्टा चोळू नका

प्रश्न : अर्धांगवायूमुळे सासरे अंथरुणाला खिळले आहेत. एअर बेड आहे, रोज पाठीला स्पिरिट-पावडरही लावतो, तरी माकडहाडावर लाल चट्टा आला. चोळावं का? दर 2 तासांनी कूस बदलायलाच हवी का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चोळू तर मुळीच नका. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने आणखी फाटतात. चट्टा बोटाने 3 सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्तपुरवठा शाबूत आहे. भार काढला की सहसा ओसरतो. लालच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून तिथे गरम, टणक किंवा मऊसर लागतं का, तेही बघा.

स्पिरिट बंद करा, कातडी कोरडी पडून चिरते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरपुढेही पाठीखाली घाम साचतोच. त्यात पावडरच्या गुठळ्या होतात. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं.

एअर बेडवर एकच सुती चादर हवी. वर गादी, गोधडी, मेणकापड घातलं की बेडचा उपयोग संपला. माकडहाडाखाली बेडच्या तळाशी तळहात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

कुशीवर पूर्ण वळवलं की सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून 30 अंशच कलवा, एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली लांबट ठेवा. टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, कातडी चादरीला चिकटते आणि आतलं हाड सरकतं. दोघांनी अंगाखालच्या चादरीने उचला.

2 तासांबद्दल : अमेरिका-कॅनडातल्या वृद्धसेवा केंद्रांमधल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2, 3 आणि 4 तासांच्या गटांत फारसा फरक दिसला नाही. पण तिथे दाट फोमच्या गाद्या होत्या आणि सुरुवातीला कुणालाच जखम नव्हती. तुमच्याकडे चट्टा आलाय, तेव्हा 2 तासच पाळा, रात्रीसुद्धा. फोड आला, कातडी सुटली किंवा काळी पडली तर हळद-तूप न लावता लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : प्रबंधासाठी आम्ही दोघी एकाच रुग्णाला ब्रेडन स्केलचे (बेडसोअरचा धोका मोजायच्या पट्टीचे) गुण देतो, पण जुळत नाहीत.
– एम.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बेरीज सोडा, सहा घटक वेगवेगळे ताडून पाहा. घर्षणाला 1 ते 3, बाकी पाचांना 1 ते 4, एकूण 6 ते 23. गुण जितके कमी तितका धोका जास्त. आहाराच्या गुणांत घोळ हमखास होतो : एक जण वॉर्डातलं ताट बघते, दुसरी घरच्या डब्यातलं पोटात किती गेलं ते विचारते. दुसरीचं बरोबर. दोघींनी एकाच पाळीत, एकमेकींचा कागद न बघता गुण द्या आणि प्रत्येक घटकाचा भारित कप्पा (weighted kappa, दोघींचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा.