बाल्टिमोरला निम्म्या भाड्यात घर मिळतंय, घेऊ का?

म्हापशाहून तुम्ही विचारलंय की अमेरिकेत बाल्टिमोरला नोकरी पक्की झाली, बायको आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर येणार, शहराच्या पश्चिमेला निम्म्या भाड्यात घर मिळतंय, तर घ्यावं का. चतुर्थीला डिचोलीत घरी आलोय, म्हणून निवांत लिहितो.

माझं पहिलं वर्ष त्याच बाजूला गेलं. कोपऱ्यावर दुकान होतं, पण काउंटरला गोळी अडवणारी जाड काच. पैसे फिरत्या खणात ठेवायचे, सामानही त्याच खणातून यायचं. चिप्स, सोडा, सिगारेट, लॉटरी. फळ म्हणाल तर काळी पडलेली दोन-चार केळी. भाजीसाठी शनिवारी दोन बस बदलायच्या, येताना एका हातात दुधाचा कॅन आणि मांडीवर तांदूळ-कांदे. जानेवारीत बस चुकली की टॅक्सी, आणि भाड्यात वाचवलेलं सगळं तिकडे.

आपलीच मंडळी सांगतील, 'त्या लोकांना भाजी खायची सवय नाही.' माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय आजी दर रविवारी कोलार्डची पालेभाजी मोठ्या टोपात शिजवायच्या, पण ती आणायला त्याही माझ्याच बसमध्ये असायच्या!

खोड जुनी आहे. कोणत्या गल्लीत गोऱ्यांनी राहायचं नि कोणत्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी, याचा कायदा या शहराने १९१० साली केला. सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये तसले कायदे मोडीत काढले. मग १९३७ मध्ये सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशावर याच वस्त्या लाल रंगल्या. लाल म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. कर्ज नाही तर डागडुजी नाही, घराला किंमत नाही; पैसेवाले गेले, त्यांच्यामागून दुकानं गेली. १९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बंद केला, पण गेलेलं दुकान कायद्याने परत येत नाही. शहराची पूर्व-पश्चिम बाजू जोडणारी नियोजित रेल्वेसुद्धा राज्यपालांनी २०१५ मध्ये रद्द केली. तिचं नाव 'रेड लाइन', काय योगायोग! २०२३ मध्ये ती पुन्हा हाती घेतलीय, पण तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

ताजं अन्न जवळ मिळत नाही अशा वस्त्या कोणत्या, हे ठरवताना नगरपालिका चार गोष्टी बघते: सुपरमार्केट पाव मैलाहून लांब, उत्पन्न कमी, तीस टक्क्यांहून जास्त घरांत गाडी नाही, आणि जवळच्या दुकानांत चांगला माल कमी. 'फूड डेझर्ट', म्हणजे अन्नाचं वाळवंट, हा शब्द तिथल्या कार्यकर्त्यांना आवडत नाही. वाळवंट आपोआप होतं, हे केलेलं आहे, म्हणून ते 'फूड अपार्थाइड', म्हणजे अन्नातला वर्णभेद, म्हणतात.

एक सुख मात्र होतं. घोडागाडीवरून फळं विकणारे कृष्णवर्णीय फेरीवाले, त्यांना अरॅबर म्हणतात. आता थोडेच उरलेत. घोड्याच्या घंटा वाजल्या की आपल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकल्यासारखा मी जिना उतरायचो. खरबूज देठाकडून हुंगून घ्यायचं, हे त्या आजींनीच शिकवलं.

तर गाडी लगेच घेणार असाल तर घर बघा. नाहीतर लहान मुलीला घेऊन तिथे नको, थोडं जास्त भाडं द्या आणि बाजाराला एकाच बसने जाता येईल असं घर शोधा. पत्ता पाठवा, बसचा मार्ग मी बघून सांगतो. आणि कोकमाची सोलं भरपूर आणा.