चाडं खोडू नकोस

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं मिळालं. दोनदा वाचलं, मग तू फोनवर गुणगुणून पाठवलेली चाल लावून तिसऱ्यांदा वाचलं. खालचा वैतागही वाचला. ‘चाडं कुणाला कळणार? तिथं चांदणं टाक, मी बसवतो चालीत,’ असं तुझे संगीतकार म्हणाले आणि आता तू विचारतेस, काका, आजीच्या पेरणीतलं, बियाणं सोडायचं ते चाडं खोडू का?

खोडू नकोस. पण ‘बोलीतले शब्द जपायला हवेत’ म्हणून नव्हे. शब्द जपायला मोल्सवर्थचा शब्दकोश आहे, १८५७ च्या आवृत्तीत साठ हजार शब्द मांडी घालून बसलेत. दाते-कर्व्यांचे खंड आहेत. गाण्यानं ते काम अंगावर घ्यायचं कारण नाही. तुझ्या संगीतकारांची शंका रास्त आहे, हे आधी कबूल कर. गाणं ऐकणारा माणूस भांडी घासत असतो, एसटीत खिडकीशी पेंगत असतो. पुस्तकासारखं पान मागं उलटायची सोय त्याला नसते. एका शब्दापाशी तो अडखळला तर पुढच्या दोन ओळी त्याच्या हातून गेल्या. त्या भीतीनंच आपल्या गाण्यांत तेच ते पन्नास-साठ शब्द फिरत राहतात. चांदणं, साजणी, काळीज, पाखरू, श्वास, वेड. मीही आयुष्यभर त्यांच्यावरच पोट भरलंय, त्यामुळे नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही.

आता ‘काळ्या मातीत मातीत तिफण चालते’ आठव. विठ्ठल वाघांचं, १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ मधलं. तिफण म्हणजे काय, हे मुंबईतल्या किती जणांना ठाऊक होतं? वाघांनी ते कुठंही सांगितलेलं नाही. तीन फणांचं पेरणीचं अवजार, अशी व्याख्या गाण्यात शोधून सापडायची नाही. त्यांनी काय केलं, तर त्या शब्दाला शेजार चांगला दिला. अलीकडे काळी माती, आणि तीही दोनदा. पलीकडे ‘चालते’. खालच्या ओळीत वीज नाचतेय, ढग ढोल वाजवतायत. ज्यानं शेत फक्त एक्स्प्रेसवेवरून पाहिलंय त्यालाही कळतं की पाऊस आलाय, मातीत काहीतरी ओढत नेतायत, म्हणजे पेरणी चाललीय. तिफण डोळ्यांपुढं नीट आली नाही तरी ती कुठं आहे ते दिसतं. गाण्याला तेवढं पुरतं.

तुझी ओळ काय आहे? ‘चाड्यावरती मूठ आजीची’. इथवर फार छान. मूठ आहे, आजी आहे. आणि पुढच्याच ओळीत तू थेट ‘शर्वरीच्या कुशीत निजले स्वप्न उद्याचे’ असं म्हणून मोकळी झालीस! अगं, चाडं बिचारं एकटं पडलं. त्याच्यात दाणे पडू देत की. मागं तू मला बोलताना सगळं सांगितलं होतंस. आजी तिफणीमागं चालायची, बियाणं ओटीत, मुठीनं चाड्यात सोडत जायची, दाणे तीन भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागं मातीत. मूठ किती सैल सोडायची ते बोटांना कळलं पाहिजे. घट्ट झाली की ओळीत जागा मोकळी राहते, फार सैल झाली की रोपांची दाटी. आठ दिवसांनी कोंब वर आले की कुणाची मूठ कशी ते सगळ्या गावाला दिसतं. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा उजवा हात आपोआप हलत होता. ते गाण्यात कुठं गेलं? त्यातलं निम्मं जरी दुसऱ्या ओळीत आलं तरी ‘चाडं म्हणजे काय’ हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आणि ती शर्वरी. ती मात्र खोड.

तू म्हणशील, काका, तुम्हीच म्हणता कठीण शब्दाला भिऊ नकोस. बरोबर आहे. ‘जोड झणि कार्मुका, सोड रे सायका’ यातले तीन शब्द आज कुणी बोलत नाही. झणि म्हणजे लवकर, कार्मुक म्हणजे धनुष्य, सायक म्हणजे बाण. ‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं तेव्हाही कोणी बोलत नव्हतं. तरी घरोघरी लोकांनी ते पाठ केलं. पण ते कोण बोलतंय? विश्वामित्र. समोर त्राटिका उभी, शेजारी कोवळा राम, आणि ऋषी आज्ञा देतायत. त्यांच्या तोंडी ‘धनुष्याला बाण लाव बघू लवकर’ हे शोभलं असतं का? शिवाय कार्मुका, सायका, त्राटिका अशी ठोक्यावर ठोका देत जाणारी ओळ आहे. अर्थ कळायच्या आधी घाई कळते. माडगूळकरांच्या हातात कोश नसावा, कानात असावा, असं मला नेहमी वाटतं.

तुझ्या गाण्यात बोलतंय कोण? परभणीकडच्या आजीची नात. ती रात्रीला शर्वरी म्हणेल? आजी तर नक्कीच नाही. तो शब्द तुला कुठंतरी वाचताना आवडला, वहीत लिहून ठेवलास, आणि जागा दिसताच बसवलास. कळतं मला, कारण माझ्याही अशा तीन वह्या आहेत. पण असा शब्द गाण्यात पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

‘ऐरणीच्या देवा’चं उदाहरण याच्या अगदी उलट. ‘साधी माणसं’ १९६५ चा, भालजी पेंढारकरांचा. लोहाराचं जोडपं, आणि देवाला मागणं मागायचंय. खेबूडकरांनी फुलं वाहिली नाहीत, ठिणगी वाहिली. ऐरण, भाता, लोखंडाचे चणे, सगळं त्या घरातलंच. आणि ‘ठिणगी ठिणगी’ हे जरा मोठ्यानं म्हणून बघ. घण पडल्याचा आवाज येतो. त्या बाईच्या तोंडी ‘पुष्पांजली’ आली असती तर गाणं तिथंच विझलं असतं.

आता माझी एक फजिती सांगतो. तरुणपणी एका लग्नाच्या गाण्यात मी ‘करा’ हा शब्द घातला. करवलीच्या हातातलं ते पाण्याचं छोटं मडकं. करवली हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं ऐकलं होतं, म्हणून मला तो शब्द भारी वाटत होता. ओळ होती, ‘पुढे करवली, हाती करा’. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गाणारी बाई थांबली आणि तिनं अगदी निरागसपणे विचारलं, ‘हाती काय करा?’ वादक हसून हसून आडवे झाले. मी घाईघाईनं ‘कऱ्हा’ केलं, तर ढोलकीवाला म्हणाला, आता वरात जेजुरीकडं कऱ्हा नदीला निघाली का? शेवटी ती ओळच गेली. त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं की जुना शब्द घेताना त्याच्याच आवाजाचा रोजचा शब्द कुठं दडून बसलाय ते आधी बघायचं. कानाला नेहमी रोजचाच शब्द आधी ऐकू येतो.

पण हेच उलटंही चालतं, आणि चाललं तर बहार येते. सुलोचना चव्हाणांनी गायलेली ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ही लावणी ऐक. फड उसाचा, तसा फड तमाशाचाही. उसाला तुरा आला की वाढ संपली, तोडणीची वेळ झाली. आणि तुरा डोक्यावरचाही, कलगी-तुऱ्यातलाही. त्यात पुन्हा उसाला कोल्हा लागण्याची भीती घातलीय. शेतकऱ्यानं ऐकलं तर त्याला शेत दिसतं, फडावरच्या रसिकाला दुसरंच काहीतरी, आणि दोघंही एकाच जागी दाद देतात. माझ्या ‘करा’नं घात केला कारण दुसरा अर्थ तिथला नव्हताच, आगंतुक होता. इथं दोन्ही अर्थ घरचे आहेत.

म्हणून तुला एक सुचवतो. पटलं तर घे. तू लिहिलंयस, ‘ओळीमागुन ओळ उमटते’. आजी ‘ओळ’ म्हणायची का गं? की ‘तास’ म्हणायची? नांगराचा तास, पेरणीचा तास. आमच्याकडं सरळ तास धरणाऱ्याला मान असायचा. आता ‘तासामागुन तास’ म्हणून बघ. ज्याला शेतातला तास माहीत आहे त्याला पेरणीच्या रेघा दिसतील. ज्याला फक्त घड्याळातला माहीत आहे, त्याला दिवसभर वाकून चालणारी म्हातारी दिसेल. मला तर दोन्ही हवेत. पण आधी घरी फोन करून विचार. आजी तो शब्द वापरत नसेल तर माझं ऐकू नकोस.

फोन करशील तेव्हा नुसती नामं विचारू नकोस, क्रियापदं ऐक. नवं लिहिणाऱ्यांना वाटतं की वेगळा शब्द म्हणजे वेगळी वस्तू. बुगडी आज किती जणींच्या कानात असते? कानाच्या वरच्या कडेला घालायचा तो दागिना माझ्या पिढीतल्या कितीतरी शहरी पोरांना १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ मधल्या ‘बुगडी माझी सांडली गं’ या गाण्यानंच कळला. पण माझ्या मते त्या ओळीची जान बुगडीत नाही, ‘सांडली’त आहे. पडली नाही, हरवली नाही, चोरीला गेली नाही. सांडली! पाणी सांडतं, दाणे सांडतात, तशी नकळत, चालता चालता, कुठल्यातरी गडबडीत. साताऱ्याच्या वाटेवर नेमकी कसली गडबड होती ते सांगायची मग गरजच उरत नाही, आणि ‘चुगली नगा सांगू गं’ हे का म्हणावं लागतंय तेही कळतं. सांडणं हा काही दुर्मीळ शब्द नाही, रोज स्वयंपाकघरात ऐकू येतो. गाण्यात तो त्या जागी कुणी आणला नव्हता, इतकंच. बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय’ मात्र मुळापासूनच अनवट आहे, पण तिथंही पुढच्याच शब्दांत उभ्या पिकातलं ढोर येतं आणि वढाय म्हणजे काय ते ढोरच दाखवून देतं.

एक अगदी व्यवहारातली गोष्ट, जी कुणी सांगत नाही. चाड्यातला ‘चा’ हा चांदण्यातला ‘चा’ आहे, चहातला नव्हे. लिपीत दोघांना एकच अक्षर, त्यामुळे कागद हातात देऊन मोकळी झालीस आणि गायिका मराठी बोलणारी नसेल, तर ती चहाचाच गाणार. मग तिफणीवर चहाची टपरी उभी राहिली म्हणून समज. आधी तिच्यासमोर ओळ चार वेळा म्हण, तिच्याकडून म्हणवून घे. आणि ‘चाडं’ असं शेवटी ठेवून त्याच्यावर लांब सूर मागू नकोस. ‘डं’वर तान घेणं म्हणजे नाकात बोलणं. ‘चाड्यावरती’ हे तू सुरुवातीला घेतलंस ते तुझ्या कानाला आपोआप सुचलं असावं. समेवर ‘चा’ उघडा मिळतो, पुढचं जोडाक्षर पटकन निघून जातं. लांब सूर ‘आजी’वर जाऊ दे, त्या ‘आ’वर हवा तेवढा वेळ थांबता येईल.

राहता राहिली शंका, की इतकं सगळं करूनही लोकांना चुकीचंच कळलं तर? तर कळू दे. ‘मी डोलकर दर्याचा राजा’ हे शांताबाईंचं गाणं मी कित्येक वर्षं डोलत गात होतो, कारण मला वाटायचं डोलकर म्हणजे होडीत डोलणारा. पुढं वसईकडच्या एका कोळीबांधवानं मला त्याचं जाळं दाखवलं. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबच लांब जाळं, समुद्रात खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून लावायचं, बोंबील त्यात आपसूक शिरतात. ते लावणारा तो डोलकर. मी खजील झालो. तो मात्र हसला आणि म्हणाला, पाण्यावर गेल्यावर डोलतो पण आम्हीच की! तेव्हापासून ते गाणं मला दुप्पट आवडतं. वीस वर्षं चुकीच्या अर्थानं ऐकलं म्हणून काही बिघडलं नाही.

संगीतकारांशी भांडू नकोस. दुसरी ओळ बदलून दोन्ही ओळी त्यांच्यासमोर गाऊन दाखव, ‘चाडं’चा विषयही काढू नकोस, ते काय विचारतात ते बघ. तरीही त्यांनी चांदणंच मागितलं तर हे गाणं दुसऱ्या कुणासाठी ठेव आणि त्यांना चांदण्याचं नवं लिहून दे. पैसे लागतातच.

आजीला माझा नमस्कार सांग. तिच्याकडं ‘तास’ की ‘ओळ’ ते विचारशील तेव्हा फोन स्पीकरवर ठेव आणि ध्वनिमुद्रण करून मला पाठव. ती शब्द कसा म्हणते ते मलाही ऐकायचंय.

तुझा,
काका