इंग्रजी रिसर्च पेपरमध्ये आभार आणि रेफरन्सेस कसे लिहायचे?

तुमचा पहिलाच पेपर इंग्रजीतून जातोय आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: आभारात गाईडपासून आईवडिलांपर्यंत सगळ्यांची नावं घालायची का, आणि रेफरन्सेसची पद्धत कुठली धरायची. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. ज्या जर्नलला पाठवताय ते सांगेल ती पद्धत. त्यात आपली आवडनिवड चालत नाही.

आभारांचं मात्र जरा सविस्तर सांगतो. गाईड बहुधा सहलेखक असतात, त्यामुळे त्यांचे आभार मानायचा प्रश्नच येत नाही. ते स्वतःच स्वतःचे आभार मानल्यासारखं दिसतं. आईवडील, सासरची मंडळी, प्राचार्य आणि 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' यांना थीसिसमध्ये ऐसपैस जागा आहे, तिथे मनसोक्त लिहा. पेपरमध्ये एवढंच सांगायचं असतं की लेखकांत नाव नसलेल्या कुणी या कामात नेमकं काय केलं आणि पैसे कुणी दिले.

नमुना बघायचा तर 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकातला वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर काढा आणि थेट शेवटाकडे जा. जेरी डोनोह्यू यांचे आभार आहेत ते सल्ल्याबद्दल, आणि त्यातही अणूंमधल्या अंतरांबाबतच्या सल्ल्याबद्दल. शेवटी एका लेखकाला फेलोशिप कुणी दिली ते आहे. नाव आणि काम एकाच वाक्यात, विशेषणांचा पसारा नाही. पण मधलं एक वाक्य लक्षपूर्वक वाचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएवर काम करणारे विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांचं 'सर्वसाधारण स्वरूप' माहीत असल्यामुळे आम्हाला चालना मिळाली, अशा अर्थाचं ते आहे. प्रत्यक्षात फ्रँकलिन यांच्या कामातलं एक्स-रे छायाचित्र विल्किन्स यांनी वॉटसनना परस्पर दाखवलं होतं, आणि फ्रँकलिन यांची मोजमापं असलेला अहवालही क्रिक यांच्या हाती पोचला होता. हे सगळं त्या गुळमुळीत वाक्याखाली झाकलं गेलं, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणून कुणी तुम्हाला एक्सआरडी (नमुन्याची एक्स-रे विवर्तनाची चाचणी) काढून दिला असेल तर 'फॉर देअर काइंड सपोर्ट' लिहू नका, 'फॉर द एक्सआरडी मेजरमेंट्स' लिहा. त्या माणसाचा डेटा निष्कर्षांना आधार देत असेल तर आधी हा विचार करा की त्याची जागा आभारात आहे की लेखकांत.

'रिस्पेक्टेड सर', 'ऑनरेबल' वगैरे काढून टाका. 'वी वुड लाइक टू थँक'ऐवजी सरळ 'वी थँक' पुरतं. ज्यांचं नाव घालताय त्यांना आधी मेल करून विचारा. नाव छापलं की निष्कर्षही त्यांना मान्य आहेत असा वाचकाचा समज होऊ शकतो, म्हणून वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती अशी परवानगी घ्यायला सांगते. ग्रँटचा क्रमांक मंजुरीपत्रातून जसाच्या तसा उतरवा. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर तेही बऱ्याच जर्नलांना सांगावं लागतं. आणि जर्नल डबल-ब्लाइंड असेल, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळू देत नसेल, तर आभार वेगळ्या टायटल पेजवर द्या, नाहीतर रिव्ह्यूअरला तुमची लॅब तिथेच कळते.

रेफरन्सेसबद्दल माझा नियम एकच: जो पेपर उघडून पाहिला नाही तो यादीत नको. 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाच्या शीर्षकाचा, व्हॅन डर गीर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक पेपर जवळपास ४०० वेळा साइट झालेला, म्हणजे संदर्भ म्हणून दिलेला, आढळला. असा पेपरच नाही. एल्सव्हियर या जर्नल छापणाऱ्या कंपनीनं लेखकांसाठीच्या सूचनांत रेफरन्स कसा दिसावा हे दाखवायला तो रचला होता. टेम्प्लेटमध्ये आपला मजकूर भरताना अनेकांनी ती नमुन्याची ओळ पुसलीच नाही. यातला मोठा वाटा कॉन्फरन्सच्या पेपरांचा होता. आता चॅटबॉटला यादी मागितली की असे पेपर घरबसल्या मिळतात, खऱ्या लेखकांच्या नावांसकट. त्यामुळे प्रत्येक पेपरचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) ब्राउझरमध्ये टाकून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण एका बैठकीत होतं. त्याच वेळी पेपर मागे घेतला गेला नाही ना, तेही कळतं.

रेफरन्सेस साठवून यादी करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच वापरा. पण ते जे आणून देतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी आडनाव आणि नाव उलटंपालटं होतं. लाटेक या मजकूर जुळवणीच्या प्रणालीत काम करत असाल तर तिच्यासाठी रेफरन्सेसची यादी करणाऱ्या बिबटेकच्या अनेक स्टाइल्स शीर्षकातली कॅपिटल अक्षरं लहान करतात आणि 'डीएनए'ची पार रया जाते. असे शब्द महिरपी कंसात ठेवा.

आपल्याकडच्या नावांचा घोळ वेगळाच. एकीचं नाव 'सुनीता पाटील', 'एस. आर. पाटील' आणि लग्नानंतर तिसऱ्याच आडनावानं छापलं गेलं, तर त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. पहिला पेपर सबमिट करण्याआधीच ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, आणि मधलं नाव लावायचं की नाही हे एकदाच ठरवून टाका.