कॅगए पाठ करण्याआधी

अगं, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूचा अभ्यास सुरू करतेस, तर पहिल्याच आठवड्यात त्याची कॅगए, वॅकए, बॅबए ही प्रथिनं घोकत बसू नकोस. आधी त्याचं युरिएझ, म्हणजे युरिया फोडणारं विकर, डोळ्यांनी बघ. जठराच्या बायोप्सीचा कण युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये टाकलास आणि त्यात जंतू असला, की त्याच्याभोवती गुलाबी रंग चढायला लागतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी युरिया फोडून अमोनिया करतोय, त्याचा हा रंग. जठराच्या आम्लात तो तगतो ते याच जोरावर.

मग कॅगए. जंतू सुईसारख्या यंत्रणेनं हे प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतो. आत त्याला फॉस्फेट चिकटतं, ते पेशीतल्या एसएचपी-२ या प्रथिनाला जाऊन भिडतं आणि पेशी लांबुळकी होऊन शेजारणीचा हात सोडते. वॅकए पेशीत पोकळ्या पाडतं, सध्या एवढं पुरे.

पण कॅगए सापडलं म्हणजे कॅन्सर, असं वहीत लिहू नकोस हं. १९९४ मध्ये हा जंतू कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेल्यांत, गेला खरा, तरी संसर्ग झालेल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही.

आणि इथे इंदूरला घरचे विचारणारच, सराफा बाजारातल्या गराडूनं, त्या तळलेल्या मसालेदार कंदानं, अल्सर होतो का? तिखटानं जळजळ होते. व्रणामागे बहुधा हा जंतू, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. माझ्या आत्याला हे पटायला दोन दिवाळ्या लागल्या.