पाचारण फक्त फादर-सिस्टरांनाच असतं का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑफिसातल्या कॅथलिक मैत्रिणीचा मुलगा फादर व्हायला सेमिनरीत चाललाय, ठाण्यात त्यांच्या चर्चच्या फलकावर त्याबद्दल 'पाचारण' असा शब्द होता, तर हा शब्द अग्निशमन दलाला बोलावतात तिथला ना? आणि मैत्रिणीला शुभेच्छा देताना 'मुलगा ब्रह्मचारी होतोय' असं लिहिलं तर चालेल का?

हो, शब्द तोच. घोडबंदर रोडला कंटेनर आडवा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'क्रेनला पाचारण करण्यात आले' असतंच. पण मुलांना जेवायला कोणी पाचारण करत नाही, त्यांना नुसती हाक मारतो, कारण पाचारणात बोलावणाऱ्याकडे अधिकार असतो आणि ज्याला बोलावलं त्याच्यावर काहीतरी काम पडणार असतं. मराठी ख्रिस्ती लोकांनी नेमकी हीच छटा धरलीय आणि मला ती फार योग्य वाटते. देव बोलावतो, काहीतरी सोपवायला बोलावतो, आणि माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टर काळातल्या चौथ्या रविवारी यासाठी खास प्रार्थना असते, पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली ती प्रथा सुरू केली, आणि त्या दिवशी जास्त करून फादर-सिस्टर होणाऱ्यांसाठीच प्रार्थना होते, त्यामुळे पाचारण म्हणजे सेमिनरी किंवा कॉन्व्हेंट, म्हणजे सिस्टरांचा मठ, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मूळ अर्थ मात्र इतका अरुंद नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढून बघा, लग्न करावं की नको हाच तिथला विषय आहे. पौल स्वतः एकटा, सगळे माझ्यासारखे असते तर बरं असंही तो म्हणतो, पण लगेच पुढे म्हणतो की प्रत्येकाला देवाकडून आपापलं कृपादान आहे, एकाला असं तर दुसऱ्याला तसं. म्हणजे एकटं राहणं हे जसं दान तसंच लग्नही दानच! थोडं पुढे तर तो सरळ सांगतो की अविवाहितांबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतोय. आणि त्याच अध्यायात, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्या स्थितीत राहावं, हे वाक्य येतं. तिथला ग्रीक शब्द 'क्लेसिस' म्हणजे बोलावणं, आणि चर्चसाठीचा 'एक्लेसिया' हा शब्दही त्याच धातूवरून आलाय, म्हणजे अख्खी मंडळीच बोलावलेली, नुसते फादर नाहीत.

मग अर्थ आक्रसला कसा, तर त्यामागे मोठा इतिहास आहे. येशूचा शिष्य पेत्र याला सासू होती हे शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातच आहे, तेव्हा सुरुवातीला धर्मगुरू विवाहित असायचे हे उघडच आहे. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये बंधनं वाढत गेली आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, धर्मगुरूंनी केलेलं लग्न लग्नच नाही असं ठरवलं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये कॉन्व्हेंट सोडून आलेल्या कॅथरिनाशी लग्न केलं आणि संसार, शेती, चांभारकाम हेसुद्धा देवाचं बोलावणंच आहे असं ठासून सांगितलं, जर्मनमध्ये धंद्याला 'बेरूफ' म्हणतात तो बोलावण्याचाच शब्द आणि तो अर्थ त्याच्यामुळे रुळला. उलट बाजूने कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये लग्नाला कौमार्याच्या वर ठेवणाऱ्यांचा निषेध केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पावित्र्याचं पाचारण सगळ्यांनाच आहे असं स्पष्ट लिहिलं, त्यात नवराबायको आलेच. ब्रह्मचर्याचा मान कॅथलिक चर्चने कमी केला नाही, पण संसारी माणूस म्हणजे ज्याला बोलावलंच नाही असा, हा समज मात्र चुकीचा ठरला. माझं स्पष्ट मत आहे की लग्नालाही बिनधास्त पाचारण म्हणावं. आणि 'लग्न फादर लावतात' असं आपण म्हणतो ना, लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या कॅथलिक परंपरेच्या शिकवणीत ते साक्रामेंत, म्हणजे लग्नाचा पवित्र संस्कार, वधूवर एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात, म्हणजे बोलावणं त्या दोघांनाच आहे.

आता ब्रह्मचारी. शब्द चुकीचा नाही, मराठी कॅथलिकांमध्येही ब्रह्मचर्याचं व्रत म्हणतात, पण आपल्या कानाला त्यात आश्रमव्यवस्था ऐकू येते, आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम, एक पायरी संपली की दुसरी. फादरांचं तसं नाही, तो आयुष्यभराचा वेगळा रस्ता आहे. शिवाय आपल्याकडे ब्रह्मचर्य म्हणजे मुख्यतः देहाचा संयम, तो विवाहित माणूसही पाळू शकतो, गांधीजींनी १९०६ मध्ये व्रत घेतलं तेव्हा ते संसारीच होते. ख्रिस्ती विचारात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: लग्न न करणं हे काहींसाठी, आणि शुद्धता सगळ्यांसाठी, नवराबायकोची एकमेकांशी निष्ठा हीसुद्धा शुद्धताच. संन्यास तर नकाच लिहू, कारण धर्मग्रामातले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले फादर लोकांच्या घरी जातात, बारसं, लग्न, मयत सगळीकडे तेच असतात.

तेव्हा ताई, 'मुलाला पाचारण झालं, त्याने होकार दिला, अभिनंदन' इतकं लिहा, पुरेसं आहे. ब्रह्मचर्याचा उल्लेखच नको, अजून सेमिनरीची बरीच वर्षं जायचीत. उद्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तर तिथेही हेच वाक्य लिहा.

फक्त प्रत्येक धर्मगुरू अविवाहित असं धरून चालू नका. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा इतर प्रोटेस्टंट मंडळींचे पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, लग्न करतात. नेरूळ-वाशीकडे केरळचे ख्रिस्ती खूप आहेत, त्यातल्या ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा मंडळींमध्येही धर्मगुरू विवाहित असू शकतात, बिशप मात्र अविवाहित. मार थोमा धर्मगुरूंना अच्चन म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला कोच्चम्मा, तेव्हा तिकडे पत्रिका द्यायची असेल तर दोघांच्या नावाने द्या.