जखमेकडे पेशींना कोण वळवते?

प्रश्न : कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांची टोके लागून आमच्या घरच्या बायकांच्या बोटांवर रोज ओरखडे उठतात आणि काही दिवसांत ते भरूनही येतात. पेशींना ना डोळे, ना मेंदू; मग कोणत्या बाजूला सरकायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यांना कसे कळते? जखम उघडी ठेवून वाळू दिल्यास लवकर भरते, हे खरे आहे का?
– एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ओरखड्याच्या काठावरील पेशीच्या एका बाजूला शेजारच्या पेशी असतात आणि दुसरी बाजू मोकळी असते, दिशा ठरते ती मुख्यतः या फरकामुळे, जरी रासायनिक संदेश आणि जखमेभोवतीचे क्षीण विद्युत क्षेत्र यांचाही त्यात वाटा असतो. मोकळ्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढत जातात आणि पेशीचा पातळ पापुद्रा पुढे सरकून खालच्या पृष्ठभागाला चिकटतो. मग मायोसिन हे प्रथिन तंतू आवळते आणि पेशीचा मागचा भाग पुढे ओढला जातो.

काठावरच्या पेशी बाकीच्यांना फरपटत नेतात, असा समज मात्र पुरता खरा नाही. झेव्हियर ट्रेपाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातील पेशींचा थर मऊ जेलवर पसरू दिला आणि जेलमधील सूक्ष्म मणी किती हलतात यावरून पेशींची ओढ मोजली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात काठापासून कितीतरी ओळी मागे असलेल्या पेशीही जोर लावताना आढळल्या. परस्परांना कॅडहेरिन या प्रथिनांनी धरून असल्यामुळे प्रत्येकीचा ताण शेजारणीपर्यंत पोचतो आणि काठापासून आत जावे तसा तो साठत जातो; रस्सीखेचीत दोरावरचा ताण एकेका गड्यागणिक वाढत जातो, तसाच. हुकूम देणारे कोणी नसताना केवळ पकड आणि ताण यांतून एवढी शिस्त उभी राहते, ही मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

दोन्ही काठ भेटले की मोकळी बाजूच उरत नाही. पेशी दाटतात, त्यांची हालचाल मंदावते आणि थर जागच्या जागी घट्ट होतो. दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशींना या स्थितीला यायला जास्त वेळ लागतो, असे २०१५ मध्ये दिसून आले.

जखम वाळू देण्याबाबतचा समज चुकीचा आहे. पेशी ओलसर पृष्ठभागावरच सहज सरकतात; कोरडी खपली धरली की त्यांना तिच्याखालून, खोलवरच्या ओलाव्यातून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांत दाखवून दिले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. म्हणून वेचणीहून आल्यावर ओरखडा स्वच्छ पाण्याने धुवावा, त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि खपली धरली असल्यास ती उचकटू नये.